कागद गांधींचा, आवाज दुसऱ्याचा

आमच्या गोव्यात एक गंमत नेहमी पाहायला मिळते. देवळाच्या जत्रेला होणाऱ्या नाटकात जो गृहस्थ पहाटेपर्यंत राजा होऊन वावरतो, तलवार उपसून पानभर संवाद म्हणतो, मध्येच एखादे पदही गाऊन घेतो, त्यालाच कचेरीतल्या निरोपसमारंभात ‘दोन शब्द बोला’ म्हटले की घशाला कोरड पडते. खुर्चीवरून उठायला वेळ लागतो आणि उठल्यावर ‘मी काय बोलणार’ एवढेच बोलून तो खाली बसतो. मंडळी हसतात, टाळ्या वाजवतात आणि समोसे येतात.

मी सरकारी कारकून. दर वर्षी कोणी ना कोणी निवृत्त होतो, त्यामुळे असे समारंभ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यावर विचार करताना मला वाटू लागले की यात आश्चर्य काहीच नाही. नाटकात शब्द नाटककाराचे असतात, चेहरा राजाचा असतो आणि विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो. सभेत उभे राहिले की शब्द आपले, चेहरा आपला, आणि विंगेत कोणी नाही. माणूस गर्दीला भीत नाही, तो गर्दीपुढे ‘मी’ म्हणून उभे राहायला भितो.

ही भीती आपल्यासारख्या सामान्यांचीच असती तर तिच्यावर लिहायचे कारण नव्हते. पण ज्या माणसाच्या शब्दावर पुढे अख्खा देश उठला, त्याचे पाय सभेत इतके लटपटत की त्याचे भाषण दुसऱ्याने वाचायची वेळ एकदा नव्हे, तर तीनदा आली. मोहनदास करमचंद गांधी! त्यांच्या आयुष्यातला हा धागा आपण शाळेत एका वाक्यात शिकतो, ‘लहानपणी ते लाजाळू होते’, आणि पुढे जातो. पण हा लाजाळूपणा लहानपणी संपला नव्हता. तो ऐन तिशीपर्यंत त्यांच्याबरोबर होता, आणि तो कसा गेला ही गोष्ट सभेत घाबरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

गांधी १८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. तिथे ते शाकाहारी मंडळात सामील झाले आणि लवकरच कार्यकारिणीवरही आले. पण बैठकीत तोंड उघडायचे नाही. डॉ. ओल्डफील्ड यांनी त्यांना विचारलेच, की माझ्याशी तू चांगला बोलतोस, मग बैठकीत गप्प का? पुढे एक खरा वाद उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष हिल्स हे जहाजबांधणीच्या मोठ्या कारखान्याचे मालक, मंडळाला पैसा पुरवणारे. कार्यकारिणीतले डॉ. अॅलिन्सन संततिनियमनाचा प्रचार करत. हिल्सना ते अनीतीचे वाटे, म्हणून अॅलिन्सनना काढून टाकायचा ठराव आला. खुद्द गांधींनाही संततिनियमन पसंत नव्हते. पण मंडळ शाकाहाराचे आहे, त्यातून एखाद्याला नीतीविषयीच्या मतावरून हाकलणे हा अन्याय आहे, असे त्यांचे मत झाले. मत होते, धैर्यही होते, पण उभे राहून बोलणे जमेना. म्हणून त्यांनी ते लिहून नेले. तेही वाचवेना, तेव्हा अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. अॅलिन्सन हरले. ही पहिली वेळ.

दुसरी वेळ व्हेंटनरची. हे समुद्रकाठचे इंग्रजी गाव. तिथे शाकाहाराच्या प्रचाराची सभा होती. गांधींनी एका फुलस्केप कागदावर मावेल एवढेच भाषण लिहिले होते. उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय थरथरू लागले. शेवटी बरोबरच्या मजमुदारांनी तो कागद वाचला.

पुढचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जून १८९१ मध्ये भारतात परतण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शाकाहारी मित्रांना होबर्न रेस्टॉरंटमध्ये निरोपाची मेजवानी दिली. भाषण आले. अॅडिसनच्या एका विनोदी किश्श्याने सुरुवात करायची असे त्यांनी ठरवले होते. पहिले वाक्य झाले आणि पुढचे सगळे विसरले. आभार मानून ते खाली बसले. आत्मकथेत त्यांनी हे असेच सांगितले आहे, आणि आपण ते वाचून हसतो.

पण त्याच मेजवानीची बातमी त्या मंडळींच्या ‘व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकात दोनच दिवसांनी छापून आली होती. ती वेगळेच सांगते. तिच्याप्रमाणे गांधींचे भाषण थोडे बुजरे, पण मोठे सुरेख झाले. त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले, इंग्लंडात शाकाहार वाढतो आहे याचा आनंद बोलून दाखवला आणि ओल्डफील्ड यांचे ऋण भावपूर्ण शब्दांत सांगितले. म्हणजे बोलणाऱ्याच्या आठवणीत फजिती आणि ऐकणाऱ्याच्या नोंदीत एक चांगले भाषण!

यातले खरे कोणते? आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये १९२५ साली येऊ लागली, म्हणजे मेजवानीला चौतीस वर्षे झाल्यावर. बातमी ताजी होती, पण ती मित्रांच्या पत्राची होती, तेव्हा थोडे कौतुक त्यात धरायला हवे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी बातमीच्या बाजूने झुकेन. कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात गांधींनी लंडनमध्ये ‘भारताचे अन्नपदार्थ’ या विषयावर निबंध वाचला, त्याच्या वृत्तांतातही ते सुरुवातीला जरा घाबरलेले होते एवढीच नोंद आहे. निबंध वाचून झाला. जग बुडाले नाही. घाबरलेल्या माणसाला आतून जो भूकंप वाटतो, तो समोरच्याला जेमतेम कागदाची सळसळ वाटतो. हे एवढे कळले तरी निम्मी भीती जाते.

मुंबईत आल्यावर मात्र जे झाले त्याला दुसरी बाजू नाही. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या पक्षकाराचा लहानसा खटला, फी तीस रुपये. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करायला गांधी उभे राहिले. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि काम दुसऱ्या वकिलाकडे गेले. फी परत करून बॅरिस्टरसाहेब बाहेर पडले.

आता प्रश्न असा, की हाच माणूस १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेला आणि तिथे प्रिटोरियात चांगले भाषण करून मोकळा झाला, ते कसे?

या सभेकडे नीट पाहिले तर उत्तर सापडते. एका मेमन व्यापाऱ्याच्या घरी हिंदी लोक जमले होते. कोर्ट नाही, सभागृह नाही, घरची बैठक. विषय होता व्यापारातला खरेपणा, स्वच्छता, आणि हिंदी लोकांनी एकत्र येऊन आपल्या अडचणी मांडण्याची गरज. गांधींनी विषयाची तयारी बऱ्यापैकी केली होती. त्याच्या आधी आगगाडीतून ढकलले जाण्याचा, घोडागाडीवर मार खाण्याचा अनुभव अंगावर ताजा होता. आणि बोलण्याच्या शेवटी त्यांनी एक कामही पत्करले, ज्यांना इंग्रजी शिकायचे असेल त्यांना शिकवायचे. तिघे तयार झाले, एक न्हावी, एक कारकून आणि एक लहान दुकानदार. (कारकून सगळीकडे असतोच!) आत्मकथेत याच भाषणाला ते आयुष्यातले पहिले सार्वजनिक भाषण म्हणतात.

लंडनमध्ये ‘माझे भाषण कसे होईल’ ही चिंता होती. प्रिटोरियात ‘या लोकांचे काय होईल’ ही होती. चिंता तेवढीच, पण तिचे तोंड फिरले. शिवाय सभा एकदाच भरवून थांबायची नाही, वरचेवर भरवायची असे ठरले, आणि सरावाची सोय आपोआप झाली.

पण म्हणून भीती कायमची गेली असे मात्र नाही. १८९६ मध्ये ते भारतात आले आणि मुंबईत सर फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली त्यांची सभा ठरली. भाषण लिहून आणा असा मेहतांचा आग्रह होता, त्यामुळे ते आदल्या रात्री छापूनही झाले. सभागृह भरले. गांधी वाचू लागले आणि आवाज फुटेना. मेहता म्हणत, मोठ्याने वाचा, अजून मोठ्याने. जसजसे ते म्हणत तसतसा आवाज आणखी खाली जाई. (सूत्रसंचालन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. घाबरलेल्याला ‘मोठ्याने बोला’ म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याला ‘नीट पोहा’ म्हणण्यासारखे आहे.) शेवटी जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला आले. हे पुढे बडोदे संस्थानच्या सेवेत गेले. गांधींनी कागद त्यांच्या हाती दिला, पण श्रोते ‘वाच्छा, वाच्छा’ म्हणून ओरडू लागले. तेव्हा दिनशा वाच्छांनी उठून ते भाषण वाचले आणि सभा त्यांनी जिंकली. ही तिसरी वेळ.

पाच वर्षांनी, १९०१ साली, कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेविषयीचा ठराव मांडायला उभे राहिले, तेही कापतच. अध्यक्षस्थानी होते हेच दिनशा वाच्छा. बोलायला पाच मिनिटे दिली होती. तिसऱ्या मिनिटालाच घंटा वाजली. ही घंटा ‘दोन मिनिटे उरली’ असे सांगणारी असते हे गांधींना ठाऊक नव्हते. वेळ संपली समजून, मनात दुखावून, ते खाली बसले. तरी ठराव मंजूर झाला. काम मात्र झाले.

गांधींनी पुढे या लाजाळूपणाला आपली ढाल म्हटले. शब्द काटकसरीने वापरायची सवय तिने लावली असे ते सांगतात. १९१६ मध्ये बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात राजेमहाराजांच्या दागिन्यांवर त्यांनी तोंडावर टीका केली, अॅनी बेझंट मध्ये थांबवू लागल्या, राजे उठून गेले. बोलण्याची पद्धत तीच, हळू आवाजाची, हातवारे नसलेली. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधी अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन, आणि ते आपल्या सीमेला लागून झाले. कोर्टात खाली बसलेला बॅरिस्टर तिथे सगळ्या देशाच्या वतीने बोलला.

आपल्या गोव्यात त्या काळी गोष्ट वेगळी होती. इथे जीभ अडखळायचे कारण पोर्तुगीज सत्ता होते. परवानगीशिवाय सभा नाही, सेन्सॉरशिवाय छपाई नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा अधिकारी पिस्तूल घेऊन आडवा आला. लोहियांना आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांना अटक झाली. त्यानंतर ‘हरिजन’मधून गोव्यातल्या नागरी स्वातंत्र्याची बाजू कोणी मांडली? एकेकाळी फुलस्केपचे एक पान ज्यांना वाचवत नव्हते, त्या गांधींनीच. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुःख त्यांना आतून माहीत होते, असे मला तरी वाटते.

आज पिस्तूल नाही. तरीही रविवारी ग्रामसभा भरते तेव्हा काय होते ते आपण पाहतोच. डोंगर कापायचा असतो, शेत बुजवायचे असते, आणि बोलतात तेच चारजण, ज्यांचा आवाज मोठा आहे. ज्याच्या विहिरीचे पाणी आटणार आहे तो भिंतीला टेकून उभा असतो. घरी गेल्यावर बायकोला सगळे मुद्दे नीट सांगतो. पण इतिवृत्तात घरचे बोलणे येत नाही. मी रोज फायली हाताळतो, म्हणून हे खात्रीने सांगतो. जे नोंदले गेले नाही ते झालेच नाही, असा सरकारचा हिशेब असतो.

मलाही अधूनमधून बोलावे लागते. मी दोन गोष्टी पाळतो. कागद हातात धरत नाही, टेबलावर ठेवतो, म्हणजे तो थरथरत नाही. आणि पहिले वाक्य माझ्याविषयी नसते, ज्याच्यासाठी बोलायचे त्याच्याविषयी असते. एवढ्याने छातीची धडधड थांबत नाही, पण वाक्य पुरे होते.

आणि तेही जमले नाही तर? तर गांधींसारखे करावे. मुद्दे लिहावेत, कागदावर सही करावी आणि ज्याला वाचता येते त्याच्या हाती द्यावा. वाचणाऱ्याला टाळ्या मिळतील, मिळोत. १८९६ च्या त्या सभेत टाळ्या वाच्छांना पडल्या, पण शब्द गांधींचेच होते. अॅलिन्सनच्या वेळी ते हरले, पण निदान त्यांचे मत खोलीत ऐकू गेले. पुढच्या ग्रामसभेला जाताना भीती बरोबर असली तरी चालेल. खिशात कागद मात्र असू द्या.