कित्ता आणि उमेदवारी : अजिंठ्यातले विद्यार्थी

'उमेदवार' म्हटले की आज आपल्याला निवडणूक आठवते. या शब्दाचा जुना अर्थ वेगळा होता. अमका मुलगा तमक्याच्या हाताखाली उमेदवारी करतो, याचा अर्थ तो अल्प वेतनावर किंवा वेतनाशिवाय काम करत ते काम शिकतो आहे, आणि आज ना उद्या आपल्यालाही हे जमेल या उमेदीवर टिकून आहे. फारसीतून आलेल्या या शब्दात 'उमेद' आधी आहे, पद नंतर. सरकारी मराठीत हा अर्थ अजून शिल्लक आहे. १९६१ चा केंद्रीय कायदा मराठीत 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' म्हणून ओळखला जातो. या शब्दाला शोभेल अशी एक जुनी हकिकत आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात घडली. तिचे नायक मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी होते आणि त्यांचा वर्ग अजिंठ्याच्या लेण्यांत भरत होता.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळेची कल्पना पुढे आली आणि १८५७ साली शाळा सुरू झाली. चित्रकार घडवणे हा तिचा एकमेव हेतू नव्हता. हस्तव्यवसाय सुधारावेत, कारागिराच्या हाताला रेखाटनाची शिस्त लागावी, त्यातून विकाऊ आणि देखणा माल निघावा, अशी ती योजना होती. आज आपण ज्याला औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण म्हणतो, त्याचा पश्चिम भारतातला हा पहिला संघटित प्रयत्न मानता येईल. १८६५ साली इंग्लंडहून तीन व्यावसायिक शिक्षक म्हणून आले : वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, सजावटीच्या चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स आणि धातुकामासाठी हिगिन्स. यांपैकी किपलिंग आणि ग्रिफिथ्स हे दोघेही लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या इमारतीवर प्रत्यक्ष सजावटीचे काम करून आलेले होते. म्हणजे ते स्वतःही चालू कामावरच शिकलेले होते, आणि मुंबईत त्यांनी तीच रीत आणली.

या रीतीला मुंबईत कामाची वाण नव्हती. तटबंदी पाडून शहर नवे रूप घेत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे किपलिंगच्या हातची आहेत. पुढे १८७८ पासून दहा वर्षे चाललेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामात दगडावरच्या अलंकरणाचे पुष्कळ काम कलाशाळेतल्या मंडळींनी केले. पाने, वेली, माकडे, मोर यांनी भरलेले ते दगड म्हणजे एका अर्थी विद्यार्थ्यांच्या वह्याच आहेत. फक्त त्या रोज लाखो प्रवाशांच्या डोक्यावर उघड्या पडलेल्या असतात आणि त्यांवर कोणाचे नाव नसते.

परंतु ग्रिफिथ्स यांना विद्यार्थ्यांपुढे ठेवायला केवळ विलायती नमुने नको होते. हिंदी विद्यार्थ्याला अजिंठ्याइतका चांगला वस्तुपाठ दुसरा मिळणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. १८७२ पासून १८८५ पर्यंतच्या काळात, हिवाळ्याच्या हंगामात, ते निवडक विद्यार्थ्यांसह निजामाच्या मुलुखातल्या या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिले. विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण प्रमुख होता. सुमारे तीनशे प्रतिकृती कॅनव्हासवर, तैलरंगांत तयार झाल्या.

हे काम कसले होते याची कल्पना करून पाहावी. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, खनिज रंगांनी काढलेली. नक्कल तेलाच्या रंगांत, कापडावर. अंधाऱ्या विहारात, पोपडे गेलेल्या भिंतीसमोर बसून तुटलेली रेषा कोठून कोठे जात असेल याचा अंदाज घ्यायचा. हे वस्तुतः भाषांतर होते, आणि भाषांतरकाराला जे प्रश्न पडतात ते सगळे येथे होते : जे पुसले गेले आहे ते भरून काढायचे की तसेच ठेवायचे? मुळातला मवाळ रंग तैलरंगाच्या चकाकीत कसा उतरवायचा? भर अशी, की त्या काळी अनेक प्रसंगांची ओळखही पटलेली नव्हती. कोणते चित्र कोणत्या जातकातले, याचा उलगडा अभ्यासक हळूहळू करत होते. अर्थ पुरता न कळलेली पोथी नकलून काढणाऱ्या लेखकासारखी या विद्यार्थ्यांची अवस्था होती.

आपल्याकडे शिक्षणाची सुरुवात कित्त्याने होते. गुरुजींनी काढून दिलेले अक्षर गिरवायचे; अर्थ नंतर येतो, वळण आधी येते. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार आज आपण निंदेने वापरतो, पण हात तयार होण्याचा दुसरा मार्ग कोणत्याही धंद्यात सापडलेला नाही. प्रश्न एवढाच, की कित्ता कोठे संपतो.

अजिंठ्याच्या कित्त्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी मुंबईत मातीच्या भांड्यांचे काम सुरू केले होते. त्या सुरया आणि फुलदाण्यांवर अजिंठ्यातली नक्षी उतरली आणि भांडी परदेशी प्रदर्शनांत गेली. ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथाचे दोन खंड १८९६ आणि १८९७ साली लंडनहून निघाले : पहिला प्रसंगचित्रांचा, दुसरा अलंकरणाच्या तपशिलांचा. हा दुसरा खंड फार बोलका आहे. पहिल्या लेण्याच्या छतावरचे चौकोन, त्यांतली कमळे, फळे, हंस, हत्ती हे सगळे त्यात नमुन्यांच्या संग्रहासारखे मांडले आहे. ज्या छताखाली भिक्षू राहत होते, त्या छताचे कारखान्याला उपयोगी पडेल असे पुस्तक झाले. विद्यार्थ्यांच्या हिवाळ्यांची ही बाजारातली किंमत होती.

आणि विद्यार्थ्यांचे काय झाले? पेस्तनजी नामांकित चित्रकार झाले. पारशी घरातली माणसे आणि त्यांचे निवांत क्षण रंगवणारे म्हणून कलेतिहास त्यांना ओळखतो. अजिंठ्याची रेषा त्यांच्या पुढच्या चित्रांत शोधू गेल्यास फारशी सापडत नाही. सापडते ती तिथे कमावलेली चिकाटी आणि नजर. कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या इतरांसाठी वाटा ठरलेल्या होत्या : शाळेत ड्रॉइंग मास्तर, सरकारी खात्यात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, शिळाछापखान्यात चित्रकार. आपल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांमागची परंपरा हीच आहे. हात तयार होते; काय घडवायचे हे ठरवण्याची जागा मात्र दुसऱ्याची होती.

या कामावर आणखी दोन आघात झाले. १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत प्रतिकृतींचा मोठा भाग जळाला. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतीही १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. दुसरा आघात भिंतींवर झाला. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढवले गेले. पुढे त्यावर आणखी थर बसले आणि काळाच्या ओघात ते पिवळे, काळपट झाले. ज्या भिंतीने शिकवले तिलाच शिकणाऱ्यांनी इजा केली. शिक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग अवघड वाटतो म्हणून वगळता येणार नाही.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी कलकत्त्याचे तरुण होते आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते. भिंती त्याच आणि कामही नकलेचेच. पण या तरुणांना तिथे राष्ट्रीय कलेचा उगम दिसला. मुंबईच्या विद्यार्थ्यांना तीस वर्षांपूर्वी तिथे नमुने दिसावेत अशी अपेक्षा होती. उमेदवाराला काय दिसते हे पुष्कळदा त्याला कशासाठी नेले आहे यावर ठरते.

हा फरक पुढे एका लोट्यामुळे स्पष्ट झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली दिलेल्या अहवालात लोट्याचे उदाहरण घेतले. लोट्याचा आकार नकलून काढा, असे त्यांनी सांगितले नाही. तो किती पाणी धरतो, कमरेवर आणि डोक्यावर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, असे प्रश्न त्यांनी मांडले. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. १९६९ साली पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. त्याची उभारणी करणारे सुधाकर नाडकर्णी हे जे. जे.मध्ये आणि नंतर जर्मनीतल्या उल्म येथे शिकलेले. कित्त्याच्या शाळेतून आलेल्या माणसाने प्रश्नांची शाळा काढली, असे म्हणायला हरकत नाही.

आज लेण्यांपासून शंभरेक किलोमीटरवर वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत उमेदवार शिकत आहेत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये तर प्रशिक्षण आणि उत्पादन एकाच छताखाली चालते, आणि किपलिंग-ग्रिफिथ्स यांना ही रचना ओळखीची वाटली असती. यंत्राशेजारी उभे राहून शिकण्याला पर्याय नाही, हे अजिंठ्याने सिद्ध केलेच आहे. कसोटी पुढची आहे : सहा महिन्यांच्या उमेदवारीत त्या मुलाला वा मुलीला 'हे असेच का?' असे विचारण्याची एक तरी संधी मिळते का, आणि विचारल्यावर वरिष्ठ हातातले काम थांबवून उत्तर देतो का.

आपण साहित्याची माणसे अजिंठ्याकडे वळतो ती गिल आणि पारूच्या कथेसाठी. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्याने ती आपल्यापर्यंत आणली. त्या लेण्यांत पुढे हिवाळ्यामागून हिवाळे काढलेल्या विद्यार्थ्यांवर मराठीत तसे काव्य नाही. लंडनच्या संग्रहालयात त्यांचे जळण्यातून वाचलेले कॅनव्हास आहेत, नोंदींत काही नावेही आहेत. पुढच्या वेळी पहिल्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहाल, तेव्हा तिथे एकेकाळी खाली बसून, मान अवघडेपर्यंत ते छत गिरवणाऱ्या त्या पोरांचीही आठवण ठेवावी.