पुण्याच्या सायकलींचा हिशेब

भाड्याच्या सायकलीचं दुकान ओळखायला पुण्यात पाटी लागत नसे. फुटपाथला लागून काळ्या सायकलींची ओळ, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर, दारात हवा भरायचा पंप आणि पाण्यानं भरलेलं घमेलं. आत मालकाच्या टेबलावर लांबट वही. तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, सायकलचा नंबर आणि नेल्याची वेळ. तोंडओळख असली की काम झालं, नसली तर वाड्यातल्या कुणाचं तरी नाव सांगावं लागे. भाडं तासावर. परत आलेल्या सायकलीकडे मालक आधी बघत नसे, आधी घड्याळाकडे बघे. पोरं शिकायची तीही याच सायकलींवर. सीटवर बसून पाय पुरत नाहीत म्हणून आडव्या दांड्याखालून पाय घालायचा, अंग एका बाजूला झुकवायचं आणि अर्धं-अर्धं पायडल मारत मैदानाला फेऱ्या घालायच्या. पंक्चर झालं तर ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, ती जागा घासून सोल्युशन लावायचं आणि जुन्या ट्यूबचंच ठिगळ दाबून बसवायचं. पेठापेठांतून अशी दुकानं होती आणि ती उत्तम चालत, यातच त्या काळच्या पुण्याबद्दल बरंच काही आलं.

सायकल आली ती इंग्लंडहून मुंबई बंदरात आणि तिथून पुण्यात. सुरुवातीला ती साहेबाची आणि सधनांची होती, पुढे प्राध्यापक-वकिलांची झाली आणि मग कारकुनापर्यंत उतरली. रॅले, बीएसए, हंबर, फिलिप्स ही नावं शंकरराव-गोपाळरावांइतकी घरगुती होऊन बसली. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशातच कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स निघाली, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो. सायकलची किंमत महिन्याच्या पगाराच्या आवाक्यात येऊ लागली आणि पुण्यानं ती अक्षरशः उचलली.

पुण्यानंच का, याचं उत्तर नकाशात आहे. शनिवारवाड्यापासून स्वारगेट जेमतेम तीन किलोमीटर. फर्ग्युसन, एसपी, इंजिनिअरिंग कॉलेज, लक्ष्मी रस्ता, मंडई, कोर्ट, सगळं वीस-पंचवीस मिनिटांच्या टप्प्यात. खडकीचा दारूगोळा कारखानासुद्धा पेठांपासून सात-आठ किलोमीटरवर, म्हणजे सकाळच्या पाळीला गाठता येण्याजोगा. हवा बरी, चढ बेताचे. महापालिका आणि तिची पीएमटी दोन्ही १९५० सालच्या, आणि बसची वाट बघत उभं राहण्यापेक्षा टांग मारणं कधीही सोयीचं. त्यात हे शहर विद्यार्थ्यांचं, शिक्षकांचं, कारकुनांचं आणि पेन्शनरांचं. यांच्याकडे वेळ होता, शिस्त होती आणि पैसा मोजका होता.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, सहकारनगर अशा तेव्हाच्या गावाबाहेरच्या भागात उठल्या. माणसं लांब गेली, पण त्यांच्या शाळा, नोकऱ्या, दुकानं आणि नातेवाईक गावातच राहिले. ही दोन-चार किलोमीटरची फाटाफूट सांधण्याचं काम ज्या गोष्टींनी केलं, त्यांत सायकल मोठी. त्याच सुमाराला पिंपरीकडे कारखाने वाढत होते. १९५० च्या दशकात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को आणि बजाज. पाळी सुटली की मुंबई-पुणे रस्ता सायकलींनी भरून जाई.

बायकांच्या बाबतीत या शहरानं सायकलीला दिलेलं श्रेय अजून कमीच आहे. पाचवारी साडी नेसून सायकलवर कॉलेजला निघालेली मुलगी हे दृश्य पुण्यात इतर गावांच्या मानानं लवकर सवयीचं झालं. लेडीज सायकलला आडवा दांडा नसे, साखळीवर पूर्ण झाकण असे आणि पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. टांग्याचं भाडं नको, भावाला सोबत न्यायला नको, घरी परतायला अंधार झाला तर वाट बघत बसायला नको. मुलींच्या शिक्षणावर भाषणं पुष्कळ झाली. त्या जाळीवर कुणी केलं नाही.

एवढ्या सायकली म्हटल्यावर सरकारदरबारी त्यांची दखल घेणं आलंच. शहरात सायकलला कर होता. तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे, त्यावर वर्ष आणि क्रमांक. तो सायकलला दिसेल असा लावायचा, नाहीतर नाक्यावर अडवून दंड. रात्री दिवा हवा, मग तो रॉकेलचा असो की डायनॅमोचा. डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी मारी आणि दंडाला पैसे नसले तर दोन्ही चाकांतली हवा सोडून देई. म्हातारे पुणेकर या गोष्टी आता हसत सांगतात, तेव्हा त्यांचा जाच वाटायचा. पण त्या जाचाची दुसरी बाजू बघण्यासारखी आहे. ज्या वाहनाला बिल्ला आहे, ते महापालिकेच्या वहीत आहे. शहरात सायकली किती याचा आकडा दर वर्षी कुणाच्या तरी टेबलावर येत होता. सायकलवाला दंड भरत होता, म्हणजे रस्ता त्याचाही आहे हे गृहीत होतं.

रस्ते बांधणाऱ्यांनाही तेव्हा सायकल ठाऊक होती. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ मध्ये सायकलमार्गांसाठी स्वतंत्र मानक काढलं. आज ते वाचताना गंमत वाटते. गर्दीच्या तासाला ४०० सायकली आणि १०० ते २०० मोटारगाड्या जात असतील, तर सायकलमार्ग वेगळा काढावा, असं त्यात आहे. गाड्या २०० च्या वर गेल्या, तर सायकली अवघ्या १०० असल्या तरी वेगळा मार्ग रास्त. रुंदी किमान दोन मीटर. गाड्या वाढतील तशी सायकलस्वाराला जास्त जपण्याची गरज आहे, हा विचार त्या आकड्यांत सरळ दिसतो. मात्र त्यातच एक खोच होती. हिशेब तासाला जाणाऱ्या सायकलींवर बांधलेला. रस्त्याच्या भीतीनं सायकली शंभराच्या खाली आल्या, की मानकाच्या दृष्टीनं मार्गाची गरजही संपली.

सायकलींना खाली खेचणारी वाहनं पुण्याच्याच अंगणात तयार झाली, हा या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटर निघत होत्या, १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकनं लुना आणली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. लुनाचं तसं नव्हतं. ती हलकी, स्वस्त आणि मुख्य म्हणजे तिला पायडल होतं. पेट्रोल संपलं तर मारत घरी जा. सायकलवाल्याला सायकलवरून उतरवायला याहून चतुर युक्ती सुचणं कठीण. शिक्षिका, एलआयसी एजंट, पौरोहित्याला जाणारे गुरुजी लुनावर दिसू लागले. ऐंशीच्या दशकात गिअर नसलेल्या स्कूटर आल्या, नव्वदीनंतर बँकांची कर्जं आली आणि प्रतीक्षायादी इतिहासजमा झाली.

पुणेकर आळशी झाला म्हणून सायकल गेली, असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. त्याच वर्षांत रस्ता बदलत गेला, आणि हा बदल कुणी सायकलीविरुद्ध ठराव करून केला नाही. जंगली महाराज आणि फर्ग्युसन हे रस्ते एकमार्गी झाले. इंजिनावर बसलेल्याला एका वळशानं काही बिघडत नाही, पायडल मारणाऱ्याला तो मांड्यांत जाणवतो. रुंदीकरणात झाडं गेली, सावली गेली, गाड्यांचा वेग वाढला. चौकाचौकांत उड्डाणपूल झाले, तिथं सायकलवाल्यानं चढाला धापा टाकत जायचं की खालच्या गर्दीत घुसायचं, हे त्यानंच ठरवायचं. नव्वदीच्या अखेरीला हिंजवडीत आयटी पार्क सुरू झालं आणि नोकरीच पेठांपासून वीस किलोमीटरवर गेली. बिल्ला तोवर बंद झाला होता. करातून सुटका झाल्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं, पण सायकलींचा आकडाही त्याबरोबर टेबलावरून गेला. आरटीओच्या वहीत सायकल नसतेच. मार्च २०१८ अखेरीस पुण्यात नोंदलेली वाहनं ३६ लाखांच्या वर होती, त्यांत दुचाकी सुमारे २७ लाख. शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. सायकली किती, हे त्या तक्त्यात कुठून मिळणार?

याविरुद्ध बोलणारे होते. ऐंशीच्या दशकापासून ‘परिसर’ ही संस्था आणि तिचे सुजित पटवर्धन उड्डाणपुलांऐवजी बस, फुटपाथ आणि सायकल यांवर पैसा घाला, असं सांगत आले. बरीच वर्षं त्यांची गणना विकासाच्या आड येणाऱ्यांत झाली. २००६ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं आणि वाहनं नव्हे तर माणसं हलवा, हे वाक्य सरकारी कागदावर उमटलं. तोवर नेहरू नागरी योजनेचा निधीही मिळू लागला होता. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली आणि तिच्या कडेनं सायकलमार्ग बांधला गेला.

त्या मार्गावरून एकदा मनातल्या मनात जाऊन पाहावं. सुरुवातीला उंच कडा, सायकल उचलून चढवायची. आत पेव्हर ब्लॉक, दर दोन फुटांना हातात धक्का. पुढे मधोमध विजेचा खांब, त्याच्यापुढे डीपी, मग बसथांब्याची मागची बाजू. दुकानासमोर लावलेल्या मोटरसायकली, एखादी नारळपाण्याची गाडी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मार्ग तुटतो आणि खरा धोका तर तिथंच असतो, कारण वळणारी गाडी तिथंच अंगावर येते. समोरून उलट दिशेनं स्कूटरवाला येतो आणि वर हॉर्न वाजवतो. सायकलस्वार चौथ्या दिवशी पुन्हा डांबरी रस्त्यावर उतरतो. मग अधिकारी म्हणतात, मार्ग करून दिला तरी लोक वापरत नाहीत. सायकल न चालवणाऱ्यानं उरलेल्या जागेत आखलेला रस्ता असाच होणार.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं, आणि २०३१ पर्यंत शहरातल्या प्रवासात सायकलीचा वाटा २५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट. कागद चांगला होता. त्याच महिन्यात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या. आधी ‘पेडल’ नावाची, मग २०१८ मध्ये पिवळी ओफो आणि नारिंगी मोबाइक. अर्ध्या तासाला रुपया, फोन समोर धरला की कुलूप उघडे. विद्यापीठात आणि औंधात पहिले काही महिने पोरांची झुंबड होती. मग सीट गायब, कुलूप फोडलेलं, चाक वाकडं अशा सायकली जिथंतिथं पडलेल्या दिसू लागल्या. ओफोनं त्याच वर्षी भारत सोडला, बाकीच्याही आटपल्या. या कंपन्यांकडे पैसा आणि उपग्रह दोन्ही होते. वाड्यातल्या कुणाचं तरी नाव विचारणारा मालक मात्र नव्हता, आणि सायकल नीट चालवता येईल असा रस्ता देणं त्यांच्या हातातही नव्हतं.

या सगळ्या काळात सायकल पूर्णपणे थांबली, असंही नाही. पहाटे पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, बांधकामावरचे मजूर यांच्याकडे ती होतीच. ते सभेला येत नाहीत आणि आराखड्यावर हरकती-सूचना पाठवत नाहीत. रविवारी सकाळी हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याला जाणाऱ्यांचा आवाज महापालिकेपर्यंत पोचतो, आणि तो पोचतो हे बरंच आहे. पण रस्ता आखायचा तो वॉचमनला धरून. त्याच्या सायकलला गिअर नसतात, मागे डबा बांधलेला असतो आणि त्याला रोज जायचं असतं.

२०२० सालात सगळं एकदम घडलं. ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. लॉकडाउनमध्ये मोकळे रस्ते पाहून लोकांनी माळ्यावरच्या सायकली काढल्या. केंद्रानं शहरांसाठी सायकलस्नेही होण्याची स्पर्धा जाहीर केली आणि पुढे निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती, प्रत्येकी एक कोटीच्या निधीसह. आकुर्डी याच पिंपरी-चिंचवडमध्ये. त्याच वर्षाच्या जानेवारीत चेतक विजेवर परत आली होती, या वेळी पर्यावरणाची पाठराखीण म्हणून. विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ मध्येच १२ वरून ५ टक्क्यांवर आणला होता. साध्या सायकलवर तो १२ टक्केच राहिला आणि ५ वर यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं.