गाव काल्पनिक, घरं मात्र खरी : मॉडेल रेल्वेच्या कडेची चिमुकली घरं कशी बनतात?

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात लाँग विटनहॅम नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या पेंडन म्युझियममध्ये काचेपलीकडे आणखी एक गाव वसवलंय, त्याचं नाव पेंडन पार्वा. हे गाव जगाच्या कुठल्याच नकाशावर सापडणार नाही. पण त्यातली घरं खरी आहेत. आसपासच्या वेगवेगळ्या खेड्यांतली घरं शोधून, फूटपट्टी लावून, फोटो काढून ती इथं एकत्र आणली आहेत. फक्त आकार सुमारे 76 पट लहान. या गावात दारात उभा असलेला माणूस 22 ते 23 मिलिमीटरचा आहे, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा.

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोल फिरणारी गाडी येते. इंजिन तर दुकानात विकत मिळतं. पण गाडी कुठून कुठे चाललीय हे सांगतात ती रुळांच्या कडेची घरं. ती पटली नाहीत तर कितीही महागडं इंजिन खेळणंच वाटतं.

ऑस्ट्रेलियाचा माणूस, आडनाव इंग्लंड

पेंडनची सुरुवात करणाऱ्या माणसाचं नाव रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड असलं तरी माणूस ऑस्ट्रेलियाचा. 1925 साली तो इंग्लंडला आला आणि स्विंडनजवळच्या वॉनबरो गावात राहू लागला. स्विंडन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं माहेरघर, तिथेच तिचा मोठा कारखाना. रॉयला रेल्वेचं वेड होतंच, त्यात तो आजूबाजूच्या 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या खोऱ्याच्या प्रेमात पडला. टेकडीवर कोरलेल्या प्राचीन पांढऱ्या घोड्यावरून या खोऱ्याला हे नाव मिळालंय. तिथली घरं होती गवताने शाकारलेली, काही चुनखडी दगडाची, काही विटांची, तर काही लाकडी चौकटीत कुडाच्या भिंती भरलेली.

पण त्याच्या डोळ्यांदेखत ती बदलत होती. शाकारलेलं छप्पर उतरायचं आणि त्याजागी पत्रा यायचा, जुनं दार-खिडकी जाऊन नवं बसायचं. घर मालकाचं, पाऊस त्याच्या डोक्यावर गळणार, त्यामुळे त्याला दोष देण्यातही अर्थ नव्हता. रॉयने मग दुसरा मार्ग धरला. घरं वाचवता येत नाहीत तर ती जशीच्या तशी छोटी करून ठेवायची, आणि त्यांच्यामधून त्या काळची गाडीही धावती ठेवायची. 1954 साली लाँग विटनहॅममधल्या एका जुन्या पबच्या इमारतीत या कामाला कायमची जागा मिळाली. रॉय 1995 साली गेला, पण स्वयंसेवकांनी काम चालू ठेवलं. त्यांनी दाखवलेला काळ 1920 आणि 1930 च्या दशकांचा आहे.

सगळा खेळ मापाचा

पेंडनचं प्रमाण आहे एका फुटाला 4 मिलिमीटर. सहा फुटी दार 24 मिलिमीटरचं होतं. इंग्लिश वीट चुन्याच्या सांध्यासकट साधारण 9 इंच लांब आणि 3 इंच उंच, म्हणजे मॉडेलमध्ये 3 मिलिमीटर बाय 1 मिलिमीटर. आता हिशोब करा. काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढी भिंत घेतली तरी तिच्यात साडेपाचशेच्या वर विटा बसतात! पेंडनच्या परंपरेत पातळ कार्डावर विटांच्या रेषा कोरतात आणि मग वॉटरकलरने एकेक वीट वेगळी रंगवतात, कारण खऱ्या भिंतीत दोन विटांचा रंग कधी सारखा नसतो. एका घराला कित्येक महिने लागतात ते यामुळेच.

जगभरात जास्त चालतं ते एचओ प्रमाण, म्हणजे 87 पट लहान. जर्मनीतल्या फालरसारख्या कंपन्या या मापाची प्लॅस्टिकची घरं किटमध्ये विकतात, तुकडे जोडायचे की घर तयार. पण किटचं घर हजारो लोकांकडे तेच असतं, आणि बाजारातली बहुतेक घरं युरोपीय वळणाची असतात. आपल्या ओळखीचं घर हवं असेल तर ते स्वतःच बनवावं लागतं.

त्यासाठी महागडं सामान लागत नाही. माउंट बोर्ड, स्टीलची पट्टी, धारदार कटर आणि फेविकॉल एवढ्यावर पहिलं घर उभं राहतं. फेविकॉल ओला असताना कार्ड वाकतं, ही नवख्यांची पहिली डोकेदुखी. उपाय म्हणजे भिंतीला आतून आडव्या पट्ट्या चिकटवणं, आणि बाहेरून रंग दिला की आतूनही एक हात देणं. घरात बल्ब लावायचा असेल तर आतला रंग काळाच हवा, नाहीतर दिवा लावल्यावर भिंतीच आकाशकंदिलासारख्या उजळतात.

कोपऱ्यात दोन भिंती नुसत्या एकमेकींना टेकवल्या तर कार्डाची पांढरी कड दिसते आणि सोंग उघडं पडतं. म्हणून कडा तिरक्या कापून जोडतात आणि विटांचे थर कोपऱ्यावरून सलग वळवतात. खिडकीचंही तसंच. खरी दगडी भिंत दीड फूट जाड असते, म्हणजे मॉडेलमध्ये 6 मिलिमीटर. कार्ड असतं जेमतेम दीड. मग खिडकीच्या आतल्या बाजूने पट्ट्या लावून भिंतीला खोटी जाडी देतात आणि काच, म्हणजे पारदर्शक शीट, आत सरकवून बसवतात. एवढ्या एका गोष्टीने घराचं वजन वाढल्यासारखं वाटतं.

छप्पर शाकारायला बरेच मॉडेलकार प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तसले तागाचे धागे वापरतात. गोंदावर धाग्यांच्या लहान लहान जुड्या बसवायच्या. क्रम खऱ्या शाकारणीचाच, खालच्या वळचणीपासून सुरुवात आणि शेवट आढ्यावर. कौलांनाही हाच नियम. उलट्या क्रमाने लावली तर पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

रंग फिका का हवा?

एचओमधलं घर एक मीटरवरून बघणं म्हणजे खरं घर 87 मीटरवरून बघणं. एवढ्या अंतरावरून खऱ्या घराचा लाल रंग भडक दिसत नाही, काळं अगदी काळं दिसत नाही. म्हणून खऱ्या घराचा रंग जसाच्या तसा मॉडेलला दिला तर तो अंगावर येतो. त्यात थोडा राखाडी मिसळावा लागतो. चमक तर अजिबात नको. पन्हळीखालचा ओघळ, दाराशी हात लागून मळलेली जागा, धुराड्याभोवतीची काजळी हे सगळं वाळलेल्या रंगावर खडूची पूड चोळून येतं. मात्र नवखे लोक इथे हात आवरत नाहीत आणि राहतं घर पडीक दिसायला लागतं.

शेवटचं काम म्हणजे घर जमिनीत बसवणं. नुसतं वर ठेवलं तर तळाशी केसाएवढी फट राहते आणि घर कालच आणून ठेवल्यासारखं दिसतं. जमिनीत खाच करून घर दोन-तीन मिलिमीटर खाली उतरवतात आणि भोवती माती, गवत, पायरीचा दगड भरतात.

गाडीइतकंच गावही महत्त्वाचं, असं मानणारा रॉय इंग्लंड एकटा नव्हता. त्याचाच समकालीन जॉन अहर्न याने घरं आणि परिसर यांना गाड्यांच्या बरोबरीने जागा देणारी 'मॅडर व्हॅली' नावाची मॉडेल रेल्वे उभारली. अहर्नच्या मृत्यूनंतर ती पेंडनमध्येच आणून ठेवली आहे.

आपल्याकडचं एखादं स्टेशन करायचं तर?

मॉडेल रेल्वे जवळून बघायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भारतीय गाड्यांची एक अडचण असते. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, एचओमध्ये ती 19.3 मिलिमीटर व्हायला हवी, पण तयार रूळ मिळतात ते 16.5 चे. घरांना ही अडचण नाही. कौलारू स्टेशन, गावातला चौसोपी वाडा, फाटकाजवळची गँगमनची खोली, सगळं मापात बसतं. साधारण 40 सेंटिमीटर लांबीचं मंगलोरी कौल एचओमध्ये साडेचार मिलिमीटरचं होतं.

वास्तू उभी असेल तर टेप घेऊन जावं आणि मापं लिहून आणावीत. मागची बाजू मोजायला लोक हमखास विसरतात. वास्तू पडली असेल आणि हातात फक्त जुना फोटो असेल, तरीही काम अडत नाही. समोरून काढलेल्या फोटोत विटांचे थर दिसत असतील तर ते मोजायचे, एका थराच्या उंचीला थरांच्या संख्येने गुणलं की भिंतीची उंची निघते. भिंतीला गिलावा असेल तर दार शोधायचं. त्याच घराचं दार किंवा तसलंच दार गावात कुठे शिल्लक असेल तर त्याची उंची घ्यायची, आणि बाकीचं घर त्या दाराच्या पटीत फोटोवरून मोजत जायचं.