सार्वजनिक आरोग्य शिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे वैद्य, परिचारिका, आरोग्य अभियंते, सांख्यिकीतज्ञ व प्रशासक यांना प्रशिक्षण देणाऱ्या निरनिराळ्या देशांतील संस्थांनी अध्यापन, संशोधन व क्षेत्रकार्य यांसाठी परस्परांशी जोडलेले संबंध. अध्यापकांची देवघेव, पदव्युत्तर शिष्यवृत्त्या, संयुक्त संशोधन आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशातील ग्रामीण केंद्रात अनुभवासाठी पाठविणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. महाराष्ट्रातील अशा सहकार्याचा इतिहास करारपत्रांपेक्षा काही व्यक्तींच्या व थोड्या आडवळणाच्या गावांच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होतो.

सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र विद्यालय ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे आरोग्य विद्यालय १९१६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून स्थापन झाले. लंडनच्या विद्यालयास १९२४ मध्ये सनद मिळाली. त्याच्या इमारतीचा खर्चही याच प्रतिष्ठानने उचलला. भारतात कलकत्ता येथील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये सुरू झाली, तीही याच साहाय्याने. तोपर्यंत भारतीय वैद्यांना या विषयातील पदविकेसाठी बहुधा इंग्लंड वा स्कॉटलंडला जावे लागे. कलकत्त्याच्या संस्थेने हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे ग्रामीण आरोग्य केंद्र चालविले. विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन शिकावे, हा पायंडा आपल्याकडे तेथून पडला.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीच्या कामी परदेशी तज्ञांचा सल्ला घेण्यात आला होता. त्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासकार हेन्‍री सिगरिस्ट हे होते. समाजाचा वैद्य घडविण्याची या अहवालाची कल्पना पुढे वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागांच्या रूपाने अंशतः उतरली. अंशतः अशासाठी, की विभाग निघाले, परंतु महाविद्यालयातील प्रतिष्ठा शस्त्रक्रिया व रोगचिकित्सा यांच्याकडेच राहिली. पुढे १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने एडिंबरो विद्यापीठ व बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय यांच्यात सहकार्य सुरू झाले व एडिंबरोचे अध्यापक पाळीपाळीने बडोद्यास येऊन शिकवू लागले. मुंबईत १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे व सर दोराबजी टाटा न्यास यांनी मिळून लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्र काढले. देवनार येथील आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. येथे आशियातील अन्य देशांतील प्रशिक्षणार्थी शिकण्यास येत. विद्यार्थी बाहेर जाण्याच्या नेहमीच्या प्रवाहाची दिशा येथे उलटी होती, ही गोष्ट बहुधा नजरेतून निसटते.

महाराष्ट्राशी सर्वांत दीर्घ संबंध जॉन्स हॉपकिन्स विद्यालयाचा आला. महात्मा गांधींच्या सहवासात काम केलेल्या सुशीला नय्यर (१९१४–२००१) यांनी तेथे सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले. १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय काढले व विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावे, अशी प्रथा घातली. त्याच विद्यालयातील आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे संस्थापक कार्ल टेलर (१९१६–२०१०) यांचा जन्म मिशनरी कुटुंबात मसूरी येथे झाला होता. पंजाबात लुधियानाजवळील नारंगवाल येथे त्यांनी आहार, संसर्गजन्य रोग व कुटुंबनियोजन यांविषयी दीर्घ अभ्यास केला. भारत-अमेरिका संबंध बिघडल्यावर १९७४ मध्ये तो गुंडाळावा लागला. परदेशी विद्यापीठाने चालविलेले काम दोन सरकारांच्या मर्जीवर कसे अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

टेलर यांचे विद्यार्थी रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व त्यांच्या पत्नी मेबल आरोळे (१९३५–९९) यांनी वेगळा मार्ग धरला. वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या दांपत्याने अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. रुग्ण बरा होऊन घरी जातो व त्याच पाण्याने, त्याच उपासमारीने पुन्हा आजारी पडून परततो, हे त्यांनी तेथे पाहिले. अमेरिकेतील शिक्षण संपवून १९७० मध्ये त्यांनी त्याच जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवून पाहिले, पण ते जमले नाही. बाहेरून आलेली तरुण परिचारिका गावात एकटी राहू शकेना, व राहिली तरी बायका तिच्याजवळ मन मोकळे करीनात. मग गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी असे ठरले. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी दलित, प्रौढ व निरक्षर होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येऊन मुक्काम करीत, एकत्र जेवत आणि प्रसूती, अतिसार, लसीकरण यांचे धडे घेत. एका पंगतीत बसणे हाही त्या काळी प्रशिक्षणाचा लहान भाग नव्हता. पाण्याच्या प्रश्नातही हेच धोरण होते : कूपनलिका दलित वस्तीत घ्यायची, म्हणजे सगळ्या गावाला तेथे यावे लागे.

प्रकल्पाच्या गावांतील अर्भक मृत्युमान १९७१ मध्ये दर हजारी सु. १७६ होते, १९९० च्या दशकात ते ३० च्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेपूर्वी प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना आकारास येत होती, तिला अशा अनुभवांचा आधार मिळाला. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. पुढे जामखेडला प्रशिक्षण संस्था निघाली व परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी तेथे शिकण्यास येऊ लागले. निरक्षर म्हणून गणल्या गेलेल्या स्त्रिया त्यांच्या अध्यापिका झाल्या.

अभय व राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्स येथील पदवी १९८४ मध्ये घेतली व नंतर गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढली. जामखेडचे बळ संघटनेत होते. यांचे बळ मोजणीत आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण व कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा गेला नव्हता. घरीच नवजात अर्भकाची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने ३९ गावांतील नवजात मृत्युमान तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट केली. बाल्टिमोरला शिकलेली संशोधनपद्धती मोह व बांबूच्या मुलखात वापरली गेली, आणि तिचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय पाठ्यक्रमात परत गेले. सहकार्य म्हणजे काय, याचा याहून समर्पक दाखला देणे अवघड आहे.

ठाणे जिल्ह्यात हा विषय निराळ्या रीतीने पुढे येतो. डहाणू तालुक्यातील कासा येथे १९७० च्या दशकात महाराष्ट्र शासन, मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी निगडित बालआरोग्य संस्था व ‘केअर’ ही अमेरिकन साहाय्यसंस्था यांनी माता-बालक आरोग्य व पोषण प्रकल्प चालविला. अर्धवेळ काम करणाऱ्या स्थानिक स्त्रिया मुलांची वजने घेत व धोक्यातील मुले वेगळी काढून त्यांच्याकडे आधी लक्ष देत. डहाणू तालुका २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात गेला. उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ, आदिवासी भाग प्रामुख्याने शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत आहे. मुंबईस पाणी देणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापुरात आहेत. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालये व समाजविज्ञान संस्था येथून दोन-तीन तासांच्या वाटेवर असल्याने पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी हा मुलूख सोयीचा वाटतो. ही सोय फसवी आहे.

पाश्चात्त्य विद्यापीठांची मोठी सुटी जून ते ऑगस्ट या काळात येते. तेव्हा या दोन तालुक्यांत भाताच्या लावणीचा हंगाम असतो. बायका दिवसभर खाचरांत असतात, ओढ्यांना पूर येऊन काही पाड्यांच्या वाटा बंद होतात आणि सर्पदंश व हिवतापाचे दिवस असतात. पाहुण्याला हे दिसते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात, हे त्याला दिसत नाही. ज्या उपकेंद्राच्या नोंदवहीत मुलाचे नाव असते, तेथे ते मूल सहा महिने नसते. लसीची पुढची मात्रा चुकते, क्षयरोग्याची औषधे खंडित होतात आणि पावसाळ्यात घेतलेल्या वजनाशी ताडून पाहण्यास उन्हाळ्यातले वजन मिळत नाही. सहा आठवड्यांच्या क्षेत्रकार्यावर बेतलेला कोणताही प्रबंध या अर्ध्या वर्षाविषयी गप्प राहतो. ते भरून काढायचे, तर पाड्यावरील आशा कार्यकर्तीची मराठीतील नोंदवही वाचावी लागते व भट्टीच्या हंगामात भट्टीवर जावे लागते. म्हणून येथील सहकार्याचे करार विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे न करता एका आषाढापासून पुढच्या आषाढापर्यंतचे करावेत, आणि नोंदी ठेवणाऱ्या स्त्रीच्या कामाचा मोबदला व संशोधनातील तिचा वाटा त्यांत आधीच नमूद व्हावा.