कांसे

तांबे आणि कथील यांची मिश्रधातू. संस्कृतात कांस्य, बोलीत कासं, कारखान्यात ब्राँझ. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, कथील अवघ्या 232 अंशांना. दोन्ही धातू मऊ. पण तांब्यात दहाएक टक्के कथील मिसळले की धातूचा रस कमी उष्णतेत होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो आणि थिजल्यावर तांब्यापेक्षा कितीतरी कठीण होतो. कथिलाचे अणू आकाराने मोठे असतात. ते तांब्याच्या स्फटिकात शिरले की अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत.

या धातूचा स्वभाव कथिलाच्या टक्केवारीवर ठरतो. दहा टक्क्यांच्या आसपास ते मूर्ती, हत्यारे आणि यंत्रातले बुश यांच्या कामाचे. वीस ते पंचवीस टक्क्यांना ते घंटेचे होते: कठीण, ठिसूळ आणि ठोका दिल्यावर बराच वेळ घुमत राहणारे. वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकल्यावर तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. भीमाशंकर, मेणवली आणि नाशिकचे नारोशंकराचे देऊळ इथल्या घंटा प्रसिद्ध आहेत. कथील तेहतीस टक्क्यांच्या जवळ गेले की धातू पांढुरकी होते आणि घासून आरसा बनतो. केरळातला आरन्मुळा आरसा असा काचेविना होतो.

काशाची ताट-वाटी मात्र वेगळ्याच कौशल्याची वस्तू आहे. तिच्यात कथील साधारण बावीस टक्के, म्हणजे घंटेइतकेच. अशी धातू थंड असताना हातोडीखाली तडकते. म्हणून कारागीर ती लाल तापवून ठोकतो, लाली उतरू लागली की थांबतो, पुन्हा भट्टीत घालतो. शेवटी तापलेले भांडे पाण्यात बुडवतो. पोलाद असे बुडवले तर ठिसूळ होते. कांसे उलट चिवट राहते. सावकाश निवू दिले तर सुमारे 520 अंशांना त्यात तांबे-कथिलाचे एक ठिसूळ संयुग तयार होते, आणि पाण्यात बुडवल्यावर त्याला तयार व्हायला अवसरच मिळत नाही. सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान हातांना झाले होते, याचे मोल फार मोठे आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी काशाला कल्हई करत नाहीत. तूप लावून तळपायाला काशाची वाटी घासली की पाय काळे पडतात. घरोघर त्याला अंगातली उष्णता निघाली म्हणतात. तो काळेपणा मुख्यतः वाटीच्या झिजलेल्या धातूचा असतो. पाय चोळल्याचे सुख अर्थात खरेच.

ब्राँझ हे नाव आता सैल झाले आहे. गनमेटलमध्ये कथिलाबरोबर थोडे जस्त असते, फॉस्फर ब्राँझमध्ये किंचित फॉस्फरस. ॲल्युमिनियम ब्राँझमध्ये कथील नसले तरी चालते. टोकियो ऑलिंपिकचे कांस्यपदक 95 टक्के तांबे आणि 5 टक्के जस्ताचे होते, म्हणजे ते पितळच.

कथील दुर्मिळ. भारतात त्याचे खनिज मुख्यतः बस्तर भागात मिळते. कथिलाचा वापर रुळण्याआधी अनेक प्रदेशांत तांब्याला काठिण्य दिले ते आर्सेनिकने. या संदर्भात प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेली चार शिल्पे महत्त्वाची आहेत: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. चारही शिल्पांचे मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्यांच्या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक निघाले. ही शिल्पे हडप्पाकालीन मानली जातात, पण इथल्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, या आधारावर पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी त्या कालनिर्णयावर शंका घेतली.