खोल समुद्रातील मासेमारी: नौकेसाठी अर्ज करण्यापूर्वी काय जाणून घ्यावे

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना खोल समुद्रात जाणारी नौका घेण्यासाठी अर्थसाहाय्य दिले जाते. अनुदानाची रक्कम मोठी आहे. मात्र उरलेली रक्कम तुम्हाला किंवा तुमच्या संस्थेला उभी करावी लागते आणि बहुतेक वेळा ती याच नौकेच्या कमाईतून फेडावी लागते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी कोणते मासे मिळतील, खर्च किती येईल आणि धोके कोणते आहेत, हे समजून घ्या.

‘खोल समुद्र’ म्हणजे नेमके काय?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) मासेमारीचे नियम राज्य सरकार ठरवते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत (सुमारे ३७० किलोमीटर) भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. योजनेतील ‘खोल समुद्र’ म्हणजे प्रामुख्याने हे दूरचे पाणी. तेथे पकडायचे मासे बहुतेक वरच्या थरात फिरणारे असतात. शेकडो मीटर खाली, तळाशी राहणारे मासे ही वेगळी गोष्ट आहे.

दूरच्या पाण्यात कोणते मासे मिळतात?

- टूना म्हणजेच कुपा: पिवळ्या पराचा कुपा ही या मासेमारीची मुख्य आशा आहे. अनेक किलोमीटर लांब मुख्य दोराला ठरावीक अंतरावर गळ लावून तो पकडतात.
- तलवार मासा व इतर मोठे मासे: कुप्यासाठी टाकलेल्या गळांना हेही लागतात.
- दूरच्या पाण्यातील माकुल: अरबी समुद्रात त्याचे साठे असल्याचे संशोधनातून दिसले आहे, मात्र व्यापारी मासेमारी अजून मर्यादित आहे.

कुपा देशोदेशीच्या सीमा ओलांडून फिरतो. त्याच्या मासेमारीवर हिंद महासागर टूना आयोग मर्यादा घालतो आणि भारत त्याचा सदस्य आहे. म्हणजे हा साठाही अमर्याद नाही.

अगदी खोल तळाच्या माशांचे काय?

थंड, अंधाऱ्या पाण्यातील अनेक मासे फार सावकाश वाढतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाजवळील ‘ऑरेंज रफी’ हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि प्रजननक्षम व्हायला त्याला अनेक दशके लागतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची मोठी मासेमारी झाली. सुरुवातीला जाळी भरून आली, पण थोड्याच वर्षांत अनेक ठिकाणचे साठे कोसळले.

आपल्याकडे केरळच्या कोल्लम भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस खोल पाण्यातील कोळंबीची व्यापारी मासेमारी वाढली. अरबी समुद्रात मधल्या थरात, अंगातून प्रकाश देणारे लहान मासेही विपुल आहेत. ते रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात. त्यांचा उपयोग मुख्यतः मत्स्यचूर्ण व तेलासाठी होऊ शकतो, पण ते फायदेशीरपणे पकडण्याची व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. केवळ या माशांच्या भरवशावर कर्ज काढू नका.

अर्थसाहाय्य किती?

योजनेत एका नौकेची किंमत १२० लाख रुपयांपर्यंत धरलेली आहे.

- सर्वसाधारण गट: ४० टक्के, म्हणजे ४८ लाखांपर्यंत अनुदान. उरलेले ७२ लाख लाभार्थ्याचे.
- अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला: ६० टक्के, म्हणजे ७२ लाखांपर्यंत अनुदान. उरलेले ४८ लाख लाभार्थ्याचे.

योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली. अर्जापूर्वी चालू वर्षाची स्थिती कार्यालयात विचारा. अनुदान कोणत्या टप्प्यांत मिळेल, हेही विचारा.

कर्जाचा हिशेब असा मांडा

समजा, ७२ लाखांचे पूर्ण कर्ज दहा वर्षांत फेडायचे आहे. व्याज सोडून नुसते मुद्दल वर्षाला ७ लाख २० हजार रुपये होते. पावसाळी मासेमारी बंदी ६१ दिवसांची असते: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे कमाईचे महिने साधारण दहा, आणि दर महिन्याला ७२ हजार रुपये फक्त मुद्दलासाठी बाजूला काढावे लागतील. व्याज, डिझेल, बर्फ, आमिष, खलाशांचा वाटा, दुरुस्ती आणि विमा यांचा खर्च वेगळा. रिकाम्या फेरीतही डिझेल जळतेच.

पाल्कच्या उपसागरातील तळ-ओढीच्या ट्रॉलरऐवजी खोल समुद्रातील नौका देण्याची योजना तमिळनाडूत २०१७ मध्ये सुरू झाली. ८० लाखांच्या नौकेवर केंद्र ५० टक्के, राज्य २० टक्के, बँक कर्ज २० टक्के आणि मच्छीमार १० टक्के असा वाटा होता. एवढे अनुदान असूनही २,००० नौकांच्या लक्ष्याच्या तुलनेत प्रत्यक्षात फारच थोड्या नौका आल्या. अनुदानाने नौका मिळते. तिची फेरी परवडते की नाही, हे खर्च आणि भावावर ठरते.

भाव कशावर ठरतो?

कुप्याला चांगला भाव हवा असेल तर तो पकडताच रक्त काढून, साफ करून लगेच बर्फात घालावा लागतो. मासा उबदार राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होते आणि माल नाकारला जाऊ शकतो. पुरेसा बर्फ, चांगली शीतपेटी आणि आधी ठरलेला खरेदीदार, या तिन्हींची सोय नौका घेण्याआधीच करा.

सुरक्षा

कन्याकुमारी जिल्ह्यातील तूत्तूर परिसरातील मच्छीमार गळ टाकून दूरवरच्या मासेमारीत निष्णात मानले जातात. तरीही नोव्हेंबर २०१७ मधील ओखी चक्रीवादळात त्यांच्यापैकी अनेकांचा जीव गेला. वादळाआधी निघालेल्या नौकांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही. म्हणून:

- उपग्रहाशी जोडलेला ट्रान्सपाँडर बसवून घ्या आणि समुद्रात तो चालू ठेवा.
- प्रत्येक फेरीत सर्वांसाठी जीवरक्षक जाकिटे ठेवा.
- हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून मिळणारे समुद्रस्थितीचे इशारे आणि संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती पाहूनच निघा.
- मत्स्य संपदा योजनेतील अपघात विम्यात सर्व खलाशांची नावे घाला. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपये मिळतात. हप्ता सरकार भरते.

परवानगी आणि नियम

- नौकेची नोंदणी व परवाना ‘रिअलक्राफ्ट’ पोर्टलवर होतो.
- २०२५ च्या नियमांनुसार यांत्रिक नौकांना अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीसाठी प्रवेश पास लागतो. तो याच पोर्टलवर विनामूल्य मिळतो. सहकारी संस्था व मच्छीमार उत्पादक संघटनांना प्राधान्य आहे.
- एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन नौकांनी ओढायच्या जाळ्याची मासेमारी बंद आहे.
- कासव किंवा देवमुशी जाळ्यात आल्यास सोडून द्यावी.

अर्ज कोठे करावा?

जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. ओळखपत्र, मच्छीमार असल्याचा किंवा संस्थेच्या सदस्यत्वाचा पुरावा, बँक खाते, आवश्यक असल्यास जातीचा दाखला आणि नौकेचा प्रकल्प अहवाल लागतो. राज्यानुसार यादी बदलू शकते.

एकट्याने घ्यावी की गटाने?

एका कुटुंबाने ७२ लाखांचा भार उचलण्यापेक्षा दहा जणांच्या संस्थेत तो प्रत्येकी ७ लाख २० हजारांवर येतो. मात्र कर्ज, दुरुस्ती आणि कमाईची वाटणी लेखी ठरवा. शक्य असल्यास आधी कोचीच्या ‘सिफनेट’ संस्थेत किंवा तिच्या चेन्नई, विशाखापट्टणम केंद्रात प्रशिक्षण घ्या आणि गळ टाकणाऱ्या नौकेवर एक-दोन फेऱ्या स्वतः करून पाहा. त्या फेऱ्यांचा खर्च आणि विक्रीचे आकडे वहीत लिहा. बँकेत जाताना ती वही सोबत न्या.