केइबुल लामजाओ: तरंगते राष्ट्रीय उद्यान

मणिपूरमधील लोकटाक सरोवराच्या आग्नेय भागात सुमारे ४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे उद्यान पसरले असून १९७७ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. फुमदी नावाच्या तरंगत्या वनस्पतिथरांवर येथे संगाई हरणे वावरतात. त्यांचा नैसर्गिक अधिवास जगात अन्यत्र नाही. १९७५ च्या हवाई गणनेत ती अवघी १४ आढळली होती, २०१६ मध्ये २६०. संख्या वाढली, आधार मात्र खचतो आहे. पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी ओसरले की फुमदी तळाला टेकत व वनस्पतींच्या मुळांना पोषण मिळे. १९८३ मध्ये इथाई बंधारा कार्यान्वित झाल्यापासून जलपातळी वर्षभर उंच राहू लागली, थर पातळ झाले आणि काही ठिकाणी हरणांचा भार पेलेनासा झाला. उद्यानातील टेकड्यांवरून पर्यटकांना पहाटे संगाईचे दर्शन घडू शकते.